खालच्या आवाजाचं गाणं

१

आमचं गाणं चोरीला गेल्याचं कळलं तेव्हा भवानीनगरच्या समाजमंदिरात तालीम ऐन रंगात आली होती. चोरही असा निर्ढावलेला की लपायचं नावच नाही. मोबाइलच्या पडद्यावर तो वीसेक मुली उभ्या करून आमचं गाणं साऱ्या जगाला ऐकवत होता.

"वृंदगान महोत्सवाच्या ऑफिसातून आलंय," स्वरूपा म्हणाली. "इंदापूरच्या राजवर्धन सरांचा वृंद. ऑफिसवाले म्हणतात, गाणं एकच आहे आणि त्यांचं आधी बाहेर आलंय. उद्या रंगीत तालमीच्या आधी आपलं असल्याचं सिद्ध करा, नाहीतर माघार घ्या."

स्वरूपा बारामतीच्या एका शाळेत गाणं शिकवते आणि आमचा वृंद बसवते. आम्ही सगळ्या एकाच गावच्या, फक्त ते गाव आता जागेवर नाही. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं उठली ती कुणी भवानीनगरला, कुणी निमगाव केतकीला, कुणी भिगवणला जाऊन बसली. गावाच्या नावानं एकत्र यायला आम्हाला गाण्याशिवाय दुसरं निमित्त उरलेलं नाही.

आणि मी? मी विजयमाला. फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि हौसेनं वृंदात शिरले. पहिल्याच दिवशी स्वरूपा हात जोडून म्हणाली, "ताई, तुम्ही फक्त टाळ धरा." सुराच्या बाबतीत मी दगड आहे. ठेका मात्र चुकत नाही. इतकी वर्षं परेड केल्यावर पाय चुकले तरी कान चुकत नाहीत.

व्हिडिओ लागला तशी फुलाबाई ओरडली, "अगं बया, ही तर आपलीच चाल!"

"व्हय की गं! आपलंच गाणं!" म्हाळसानं तिची री ओढली.

राजलक्ष्मीनं तोंड वाकडं केलं. "कुठली आपली? शब्द आपलं हायती. चाल येगळीच हाय."

एवढ्यात म्हाताऱ्या छबूबाईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. गाण्याचे शब्द तिचे. बुडालेल्या गावात तिचा जन्म झालाय. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"फौजदारबाई," ती मला म्हणाली, "गाव नेलं तवा सरकारनं इचारलं तरी व्हतं. ह्यानं इचारलं बी न्हाय. हे गानं मला माघारी पायजे."

मी टाळ खाली ठेवले आणि चपला घातल्या.

२

पहिला संशय वृंदाचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या यशराजवर जाणं साहजिकच होतं. गाणं त्याच्याच कॉम्प्युटरमधून निघालेलं. यंदा महोत्सवात नवा गट होता: चाल एआयच्या मदतीनं रचायची, पण गायची माणसांनीच, मागे वाजवलेली रेकॉर्ड चालणार नाही. छबूबाईचे शब्द यशराजनं एआयला दिले, स्वरूपानं शंभर चाली नाकारल्या, तेव्हा कुठं एक पसंत पडली. तीही तीन आवाजांत: वरचा, मधला आणि खालचा. वरचा म्हणजे मुख्य चाल, बाकीचे दोन तिच्या साथीला.

बारामतीला त्याच्या खोलीवर गेले तर तो आधीच चिडलेला.

"तुम्हालाही वाटतं ना, मी विकलं म्हणून?"

"मला अजून काहीच वाटत नाही. राजवर्धनशी ओळख आहे?"

"त्यांनी नोकरी देऊ केली होती. मी नाही म्हणालो. आमची आजीही त्याच गावची होती, ताई."

"तो म्हणतो, मशिननं त्यालाही हेच गाणं दिलं. असं होतं का?"

"विषय एक असला तर एखादी ओळ सारखी येईलही. पण छबूआजींचे शब्द मशिननं केलेलेच नाहीत, मी त्यात घातले. फायलींवर तारखा आहेत. पण ऑफिसवाले म्हणतात, तारखा कुणालाही बदलता येतात."

"तू बायकांना गाणं दिलंस कसं?"

"ज्याचा आवाज त्याला. यांना नोटेशन येत नाही, कानानं शिकतात. म्हणून वरच्या आवाजाची रेकॉर्ड वेगळी, खालच्यांची वेगळी. मशिनला दम लागत नाही ना, त्यानं श्वासाला जागाच ठेवली नव्हती. मॅडमनी बायकांत श्वास वाटून दिले, एक थांबली की दुसरी गात राहते. घरी, रानात, कामावर, जिथं जमेल तिथं आपापली रेकॉर्ड ऐकून पाठ केलं त्यांनी."

"पुरं गाणं कुणाकुणाकडे आहे?"

"मी आणि स्वरूपा मॅडम. बस."

म्हणजे चोर या दोघांपैकी एक, असं कुणीही म्हटलं असतं. यशराजलाही ते कळत होतं, म्हणून तर त्याचा चेहरा उतरला होता. पण मला राजलक्ष्मीचं वाकडं तोंड आठवत होतं. आपलं गाणं आपल्यालाच ओळखू येऊ नये?

३

समाजमंदिरात परत आले तर दादासो पेटी पुसत बसले होते. पूर्वी वृंदाच्या सगळ्या चाली त्यांच्या. एआय आल्यापासून त्यांच्याकडे नुसती साथ उरली होती, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

"माझ्याकडं काय बघता? मशिनला चाल येती म्हनून दादासो अडगळीत. खरं हाय ते. पन म्हनून गावचं गानं इकीन व्हय?"

"वाजवून दाखवा बघू, तुम्हाला येतं तसं."

त्यांनी वाजवलं. मी राजलक्ष्मीला बोलावलं. तिची सोयरीक इंदापुरातली, भाची राजवर्धनच्याच वृंदात. संशयाला याहून सुपीक जमीन कुठली? मी विचारण्याआधीच ती कडाडली.

"भाची हाय, व्हय. पन मी शिकवलं असतं तर माजी चाल शिकवली असती ना? त्यांची चाल मला येतच न्हाय!"

"आनि मला बी न्हाय," दादासो पुटपुटले. "मी वरची वाजवतो. खालचं ते घूं-घूं पाठ करायला कुनाला येळ हाय?"

मी स्वरूपाकडे वळले. "व्हिडिओ पुन्हा लाव. शब्द ऐकू नकोस, रागावूही नकोस. नुसती चाल ऐक. आपल्या तीन आवाजांतला हा कुठला?"

तिनं डोळे मिटून ऐकलं. तिचे डोळे उघडले ते मोठेच्या मोठे.

"ताई, हा खालचा आवाज आहे! मला वाटलं, ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी चाल फिरवलीय. त्यांनी फिरवलेलं काहीच नाही. आपला खालचा आवाज उचलून वर ठेवलाय आणि तोच मुख्य धरून चाललेत."

"म्हणजे त्याला मुख्य चाल ठाऊकच नाही."

"ठाऊक असती तर ती सोडून ही कोण घेईल?"

यशराज सुटला, स्वरूपा सुटली, दादासो आणि वरच्या आवाजातली राजलक्ष्मीही सुटले. ज्याच्याकडे पुरी थाळी आहे तो पाहुण्याला नुसती चटणी वाढत नाही. गाणं फुटलं होतं ते अशा माणसाकडून, ज्याला फक्त खालचा आवाज येतो आणि तेच अख्खं गाणं वाटतं.

छबूबाई इतका वेळ मोबाइल कानाला लावून बसली होती. "फौजदारबाई, ह्यानं माजी मधली ओळ गाळलीया."

तिनं शब्द म्हणून दाखवले.

पाण्याखाली गाव माझं, वर पाखरांची घाई
मान बुडवून पाण्यामंदी काय शोधत्यात बाई?
आमच्या घराचा उंबरा, आमच्या दारची जाई.

"मेल्यानं सवाल गाळला आनि जवाब ठिवला," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीच्या जागी पोरी नुसत्या टाळ्या पिटत्यात."

आमच्याकडे दुसरी ओळ वरचे आणि मधले आवाज गातात. खालचा आवाज तेवढा वेळ गप्प उभा राहतो आणि तिसऱ्या ओळीला उत्तर देतो. खालच्या आवाजात आमच्या तिघीच: छबूबाई, म्हाळसा आणि फुलाबाई. स्वरूपाचं कायमचं रडगाणं हेच होतं, की खाली बळ नाही, उत्तर ऐकूच येत नाही.

मी त्या टाळ्या ऐकल्या. हे माझं खातं होतं. तीन टाळ्या भराभर, मग थोडी उसंत, मग एकच जोराची. पुन्हा तीन, उसंत, एक. गाण्याच्या ठेक्यात त्या धड बसतही नव्हत्या. मग कुणाच्या डोक्यातून आल्या?

"फुलाबाई कुठंय?" मी विचारलं.

"ती मगाच गेली," म्हाळसा म्हणाली. "व्हिडिओ बघून आधी वरडली आनि मग तोंडातून शबूद न्हाय. पानी बी न पिता गेली बघा."

४

भिगवणला उतरले तेव्हा रात्रीच्या जेवणाची गर्दी ओसरली होती. फुलाबाई हायवेच्या कडेला एका मच्छी खानावळीत भाकऱ्या करते. चूल बाहेरच, पत्र्याखाली, आणि तिच्याजवळ गिऱ्हाइकांची बाकडी.

मी समोर गेले नाही. पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. चोरून ऐकणं हे पोलिसाचं जुनं वाईट व्यसन आहे, सुटत नाही.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग परातीत पीठ मळल्याचा आवाज आणि त्याबरोबर गुणगुण. बाईमाणूस कितीही घाबरलेलं असो, सवयीचं काम हातात आलं की सवयीचं गाणं ओठावर येतंच.

"पाण्याखाली गाव माझं, वर पाखरांची घाई..."

आणि पुढं ती थांबली. दुसरी ओळ तिची नव्हतीच. त्या जागी हात चालले. थप थप थप. मग भाकरी तळहातावर उचलली, क्षणभर उसंत, आणि तव्यावर टाकली, थाप! पुन्हा दुसरा गोळा. थप थप थप. उसंत. थाप.

"आमच्या घराचा उंबरा, आमच्या दारची जाई."

राजवर्धनच्या वृंदाच्या टाळ्या या परातीतून निघाल्या होत्या.

मी पुढं झाले. मला पाहताच फुलाबाईच्या हातातला गोळा परातीत पडला.

"मी न्हाय इकलं, फौजदारबाई! देवाशपथ न्हाय!"

"ठाऊक आहे मला. कोण आलं होतं?"

ती खाली बसली. पदर तोंडाला लावून, अडखळत, तिनं सांगितलं. राजवर्धन सर दर रविवारी मासे खायला येतात, चुलीजवळच्या बाकड्यावर बसतात. एकदा जेवता जेवता थांबले. म्हणाले, बाई, आवाज फार गोड आहे तुमचा, मोबाइलमध्ये भरून घेऊ का?

"मी व्हय म्हनलं. जल्मात कुनी म्हनलं न्हवतं तसं. वृंदात बी माजा आवाज कुनाला ऐकू येत न्हाय, खालचा हाय ना. मला लई बरं वाटलं. मी दोनदा गायलं." तिनं डोळे पुसले. "मला वाटलं, मानूस जेवनावर खूश हाय."

"मग इथं पळून का आलीस?"

"कुनाला तोंड दाऊ? छबूआत्याचं गानं माज्यामुळं गेलं. मला आता वृंदात कोन ठिवंल?"

मला राग आला. तिचा नव्हे. बाईचं कुणीतरी एकदा कौतुक करावं आणि त्याचीही तिला शिक्षा व्हावी, याचा आला.

"उद्या बारामतीला ये. परात, तवा आणि पीठ घेऊन ये."

"मी न्हाय येनार," ती म्हणाली. "चारचौघांत एकटीला मला न्हाय जमायचं. मी चुलीपाशीच गाते."

मी पुष्कळ समजावलं. ती मान हलवत राहिली. शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी निघाले तेव्हाही ती पिठाकडेच बघत होती.

५

दुसऱ्या दिवशी, रंगीत तालमीच्या आधी, बारामतीचं नाट्यगृह. रंगमंचावर खुर्च्या मांडून महोत्सवाच्या परीक्षक बाई बसल्या होत्या. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला राजवर्धनच्या मुली, खाली मान घालून. राजवर्धन मात्र इस्त्रीच्या झब्ब्यात, शांत. फुलाबाईचा पत्ता नव्हता.

"मी चोर नाही," त्यानं सुरुवात केली. "उजनी, पाखरं, बुडालेलं गाव, एवढा विषय एआयला दिला. शब्द आणि चाल त्यानं दिली. यांनाही तेच दिलं असेल. यात माझा काय दोष?"

परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"सर, तुमच्या मशिननं तुम्हाला आमचा खालचाच आवाज का दिला? मुख्य चाल का नाही दिली?"

"तुमची मुख्य चाल कोणती ते मला काय ठाऊक? मला आवडली ती घेतली."

"बरं. तुमच्या गाण्यात उंबरा आणि जाई आहे. ती कुणी शोधली, कशाला शोधली?"

तो गडबडला. "कविता आहे. सगळं उघड सांगायचं नसतं."

"आमच्याकडे सांगितलंय. मधल्या ओळीत पाखरांना सवाल आहे. तो आमचा खालचा आवाज गात नाही, गप्प राहतो. नेमकी तीच ओळ तुमच्याकडे नाही. तिच्या जागी टाळ्या आहेत. त्या कुणी बसवल्या?"

"त्याही... त्याही एआयनंच. तालाची कल्पना होती."

"नक्की?"

"नक्की."

मला हेच हवं होतं. माणूस खोटं बोलताना दोन पावलं जास्त टाकतो. पण पुढचं पाऊल टाकायला माझ्याकडे कुणी नव्हतं. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "विजयमालाताई, हे तर्क झाले. दाखवण्यासारखं काही आहे का?"

मी दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं. छबूबाईनं माझा हात धरला.

"आहे," मी म्हटलं. "येतंय." माझ्या नोकरीत मी इतक्या ठामपणे कधी अंदाज ठोकला नव्हता.

आणि दार ढकललं गेलं. डोक्यावर परात, काखेत पिठाची पिशवी. फुलाबाई कुणाकडेही न बघता मधल्या वाटेनं रंगमंचावर आली, मांडी घालून बसली आणि परात पुढ्यात घेतली.

"तवा न्हाय आनला," ती म्हणाली. "हितं चूल कुठं पेटवू? जमिनीवरच टाकते."

राजवर्धन उभा राहिला.

फुलाबाईनं पीठ मळलं. आवाज आधी फुटेना. मग गोळा हातात आला आणि गाणंही आलं. "पाण्याखाली गाव माझं, वर पाखरांची घाई..." पुढं तिचं तोंड थांबलं, हात चालले. थप थप थप. उसंत. थाप. थप थप थप. उसंत.

पुढची थाप एकटीची नव्हती. पलीकडे राजवर्धनच्या वीस मुलींचे हात सवयीनं उचलले गेले होते आणि टाळी तिच्याबरोबर पडली होती. त्यांनाच कळलं नाही आपण काय केलं. पुढची एक मुलगी, राजलक्ष्मीची भाची, आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "सर, हीच टाळी तुम्ही आम्हाला शिकवली."



"सर," मी म्हटलं, "मशिनला भूक लागत नाही. मग त्याला भाकरी थापायची आठवण कुठून झाली?"

राजवर्धन खुर्चीत बसला. खोटं संपलं की माणूस लहान दिसू लागतो.

"वर्षभर एआयशी झगडत होतो," तो म्हणाला. "चाली येत होत्या, जीव येत नव्हता. यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, हे आहे. शब्द आणि चाल त्यांच्या रेकॉर्डवरून घेतली, पेटीची साथ एआयकडून बांधून घेतली. मला खरंच वाटलं, जुनं काहीतरी असेल. चुलीपाशी, जात्यापाशी बाई गाते ते कुणाचंच नसतं, असं धरून चाललो. ऑफिसचा फोन आला तेव्हा कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"कुनाचंच न्हाय?" फुलाबाई पिठाच्या हातांनी उठून उभी राहिली. कालची फुलाबाई ती नव्हेच. "मी बसले व्हते की तितं! तुमच्या म्होरं! इचारायचं व्हतं, बाई, कुनाचं गानं? म्या सांगितलं असतं, छबूआत्याचं हाय, आनि खालचा आवाज माजा हाय!"

परीक्षक बाईंनी निकाल तिथंच दिला. गाणं आमचं. इंदापूरचा वृंद बाद.

ते ऐकून त्या मुली रडू लागल्या. त्यांचा काय गुन्हा? महिनाभर घसा फोडून त्यांनी पाठ केलं होतं. आमच्यापैकी कुणालाच जिंकल्याचा आनंद होईना. तेव्हा छबूबाई काठी टेकत त्यांच्याजवळ गेली.

"गानं येतंय ना गं तुमास्नी? पाठ हाय?"

मुलींनी माना हलवल्या.

छबूबाई स्वरूपाकडे वळली. "तू वरडत व्हतीस ना, खाली बळ न्हाय म्हनून? ह्या वीस जनींस्नी खालचाच आवाज येतोय. फुलाबाईच्या मागं उभ्या कर."

स्वरूपानं परीक्षक बाईंकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "माणसांनी गायचं, एवढाच नियम आहे. किती माणसांनी, ते लिहिलेलं नाही."

संध्याकाळी महोत्सवाचा पडदा वर गेला. वरच्या आवाजात राजलक्ष्मी, पेटीवर दादासो, कडेला टाळ घेऊन मी. फुलाबाई पहिल्यांदाच पुढच्या रांगेत होती, तिच्या मागं इंदापूरच्या मुली. पहिली ओळ झाली. मग वरच्या आवाजांनी पाखरांना विचारलं, काय शोधत्यात बाई? खालचा आवाज गप्प राहिला, पण फुलाबाईचे हात राहिले नाहीत. रिकाम्या तळव्यावर तीन थापा, उसंत, एक थाप. स्वरूपानं तिला थांबवलं नाही.

मग उत्तर आलं, आणि या वेळी ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

आमच्या घराचा उंबरा, आमच्या दारची जाई.

सुरातलं मला आजही काही कळत नाही. पण माझ्या शेजारी छबूबाई गात नव्हती. ती डोळे मिटून नुसती ऐकत उभी होती, आपल्या घराच्या दारात उभं राहावं तशी.